शिंप्याच्या फाइलमधले एकवीस दिवस

१

शिंप्याची फाइल उचलली तेव्हा ती हाताला हलकी लागली.

इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतरही मला ठेवून घेतलं, कारण कुठला कागद कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं. फाइल वजनावरून ओळखता येते, असं मी कधी कुणाजवळ बोललो नाही, हसतील. पण ही फाइल मी शनिवारी स्वतःच्या हातानं दोऱ्यानं शिवली होती, आणि गुरुवारी सकाळी ती निम्मीसुद्धा उरली नव्हती.

शिंपी दोनदा दाखल झाला होता. पहिल्यांदा स्वादुपिंडाचा रोगट भाग काढायला, एकवीस दिवस. दुसऱ्यांदा, घरी जाऊन पाच दिवस झाल्यावर, पोटात रक्त साचलं म्हणून. तेव्हा तो एक दिवसही जगला नाही. तो शेवटचा दिवस फाइलमध्ये होता. आधीचे एकवीस दिवस नव्हते.

मी आधी स्वतःवरच संशय घेतला. टेबलाखाली पाहिलं, शेजारच्या सगळ्या फायली उलगडल्या, घरी नेलेल्या पुस्तकांच्या पिशवीतसुद्धा हात घालून आलो. मग अधीक्षक बाईंच्या दारावर टकटक केली.

बाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "काका, परवा बैठक आहे. तुम्हाला माहीत आहे ना, कशाची?"

माहीत होतं. आमच्याकडे स्वादुपिंडाची ऑपरेशनं दोन पथकं करतात. एक थोरल्या सर्जनचं, त्यांना सगळे नुसतं थोरले म्हणतात. त्यांचे उजवे हात म्हणजे मास्तर. विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवता शिकवता ते नाव चिकटलं. दुसरं पथक डॉक्टर ताईंचं. या ऑपरेशननंतर आतल्या टाक्यातून कधीकधी स्वादुपिंडाचा रस पाझरतो. तो रस बाहेर यावा म्हणून पोटात नळी ठेवतात. पाझर किती गंभीर, याचे तीन वर्ग. उपचार बदलावाच लागला नाही तर अ. नळी तीन आठवड्यांपुढे ठेवावी लागली, किंवा आणखी काही करावं लागलं, तर ब. पुन्हा पोट उघडावं लागलं किंवा माणूस गेला, तर क. हा वर्गांचा तक्ता सुबक अक्षरात मीच लिहून वॉर्डात लावला होता, दीड वर्षापूर्वी.

तक्ता लागल्यापासून थोरल्यांच्या पथकाचे जवळजवळ सगळे अ. ताईंच्या पथकाचे ब आणि क. म्हणून बाईंनी ठरवलं, की तिघांनीही त्याच चाळीस फायली वेगवेगळं बसून वाचाव्या, प्रत्येकानं आपल्या मते वर्ग लिहावा आणि पाकीट बंद करून द्यावं. तिघांचं कितपत जमतं ते कळेल. सोमवारी थोरले बसले, मंगळवारी मास्तर, बुधवारी ताई.

"आता हे पहिले एकवीस दिवस नसतील," बाई म्हणाल्या, "तर कागदावर काय उरतं? पाळीवरच्या ताईंनी पोट उघडलं आणि माणूस गेला. शनिवारच्या आत शोधा. खोलीची किल्ली कुणाकुणाकडे होती?"

"खिळ्याला असते. शनिवार-रविवारी तिघेही येऊन गेले. आणि वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर. त्यांनी फायली आणल्या."

"म्हणजे चौघं."

"मी धरून पाच," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. "तुमची बहीण त्याच वॉर्डात आहे ना?"

होती. माझी धाकटी, सात नंबरच्या खाटेवर. तेच ऑपरेशन, तेच थोरल्यांचं पथक, आणि तिचाही टाका पाझरत होता. शिंपी ज्या वाटेनं गेला, त्याच वाटेवर ती होती. शिंप्याचं कुठे चुकलं हे मला कळायलाच हवं होतं, आणि वेळेत.

२

धाकटी उशीला टेकून बसली होती. कुशीतून निघालेली नळी पिशवीत उतरली होती, पिशवीत गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी.

"दादा, तुझं तोंड बघ. ऑपरेशन माझं झालंय की तुझं?"

"काही नाही. झोप झाली नाही."

"माझ्याकडे चांगली बातमी आहे. शनिवारी नळी निघणार. मास्तर म्हणाले, आज अठरावा दिवस, आणखी दोन दिवस सोसा. फार दुखते रे ही. कूस बदलता येत नाही."

मला बरं वाटलं. तिच्या डोक्याशी पाटी होती, तिच्यावर मात्र खडूनं १९ लिहिलं होतं. मोठ्या सिस्टर औषधं वाटत आल्या, तेव्हा मी भीत भीत विचारलं, की पाटी चुकली आहे का.

"पाटी नाही चुकत, काका. आम्ही ऑपरेशनचा दिवस पहिला धरतो. डॉक्टर लोक तो शून्य धरतात. आमच्या पाटीवर एकोणीस, त्यांच्या तोंडी अठरा. वीस वर्षं हे असंच चाललंय आणि अजून कुणी मेलं नाही त्यानं."

मी शिंप्याबद्दल विचारलं.

"पहिल्या खेपेचे कागद? मी पूर्ण दिले होते, तुमच्यासमोर. परत आला तेव्हा त्याची जुनी फाइल वर नव्हती, म्हणून वॉर्डाच्या वहीतून बघून एक चिठ्ठी लावली मीच, नळी कधी काढली त्याची. तेवढी तरी आहे ना?"

"आहे. एकविसाव्या दिवशी."

"मग झालं." त्यांनी गोळ्यांची वाटी धाकटीच्या हातात ठेवली आणि आवाज खाली आणला. "भला माणूस होता. जाताना माझ्या झग्याची निसटलेली बाही शिवून गेला, खाटेवर बसून."

नळी कुणी काढली, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्या पुढच्या खाटेकडे वळल्या होत्या, आणि मागून हाक मारणं मला जमत नाही.

३

थोरले हात धूत होते. पाठमोरेच बोलले.

"कागद हरवले? एकतीस वर्षांत पहिल्यांदा? वय झालं, काका. माझंही झालंय, मार्चमध्ये जातो मी. आपण दोघांनी मिळून बागेत बसू."

"सर, तुम्ही सोमवारी वाचलीत तेव्हा फाइल जाड होती का?"

"मी फायली वाचतो, तोलत नाही." ते वळले. "शिंप्याला मी क दिला. मेलेल्या माणसाला दुसरं काय देणार? माझ्या पथकातला तो एकच. बाकीच्यांना बघा, तीन आठवड्यांच्या आत मोकळे. माझा हात या वयात सुधारलाय, असं लोक म्हणतात."

"नळी काढायची वेळ कोण ठरवतं, सर?"

"नळी?" त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "पथक ठरवतं. पथक म्हणजे मी. का?"

मी "सहज" म्हणालो आणि निघालो. सहज विचारलं असं ज्याला म्हणावं लागतं, तो सहज विचारत नसतो, हे त्यांनाही कळलं असणार.

ताई जिन्यात भेटल्या. एका हातात सफरचंद, दुसऱ्यात कुणाचा तरी एक्सरे.

"सगळ्यांना वाटणार मीच कागद काढले," त्या म्हणाल्या. "पण मला ते हवे होते, काका. बुधवारी फाइल उघडली, आणि त्याचं आधीचं काहीच नाही. मी शेऱ्यात तसं लिहिलंय."

"तुम्हाला तो आठवतो?"

त्यांनी सफरचंद खिशात टाकलं. "पोट टम्म झालेलं. आत रस साचून साचून एक रक्तवाहिनी कुरतडली होती. हे एका दिवसात होत नाही. नळी असती तर आधी नळीत थोडं रक्त दिसतं. ती सूचना असते. त्याला नळीच नव्हती. पाझर चालू असताना ती का काढली, हेच त्या कागदांत असणार."

"आणि नळी राहिली असती तर?"

"तर त्याला ब मिळाला असता," त्या म्हणाल्या. "आणि तो जिवंत असता. तुमच्या त्या तक्त्यात गंमत बघा. माणूस किती आजारी आहे ते कुठेच लिहावं लागत नाही. आपण काय केलं तेवढंच. काही केलं नाही, तर अ."

तक्त्याला त्या 'तुमचा' म्हणाल्या, ते मला दिवसभर टोचत राहिलं.

मास्तर स्वतःच खोलीत आले. महिन्यातून दोनदा ते माझ्याकडून पुस्तक नेतात आणि वाचून परत आणतात. या इमारतीत माझ्याशी पुस्तकांबद्दल बोलणारा तो एकटा माणूस.

"काका, कागद सापडतील. नाहीतर एका फाइलनं काय बिघडतं? चाळिसांतली एक. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग दारातून मागे वळले. "तुमच्या बहिणीची नळी शनिवारी दहाला काढतो. फार सोसलंय त्यांनी."

४

शुक्रवारी मी दार लावून बसलो आणि मला येतं तेवढंच केलं. चाळीस फायलींतून नळी निघाल्याचे दिवस एका कागदावर उतरवले. पथकाप्रमाणे, तारखेप्रमाणे.

ताईंचं पथक: १९, २७, ३३, २२, ४१, १६, असं पुढे. थोरल्यांचं पथक, माझा तक्ता लागण्याआधी: २६, १७, ३१, २४, ३८. अंगातला पाझर जेव्हा थांबतो तेव्हा थांबतो, तो दिवस मोजत नाही.

तक्ता लागल्यानंतर, थोरल्यांचं पथक: २०, २०, २०, २०.

दहा वेळा वीस. आणि अकरावा शिंपी, सिस्टरांच्या चिठ्ठीवर एकवीस. मी पेन्सिल खाली ठेवली. सिस्टरांचा एकविसावा म्हणजे डॉक्टरांचा विसावा. अकराच्या अकरा.

कुणीतरी, ब वर्गाची रेघ ओलांडायच्या आदल्या दिवशी, पाझर थांबलेला असो वा नसो, नळ्या उपसत होता. फाइल अ वर्गात बसत होती. तिघं सर्जन ती वाचून डोळे झाकून अ लिहिणार हे उघड होतं, कारण वाचायला दुसरं काही उरतच नव्हतं. ताईंच्या रुग्णांवर राउंडमध्ये तिघांची मतं तीन दिशांना जात. याच दहांवर तिघांचं दुमत कधी ऐकलं नव्हतं. त्या एकमतानंच मला आधी जागं करायला हवं होतं.

आज शुक्रवार. धाकटीचा एकोणिसावा.

मी अधीक्षक बाईंकडे जाऊन पाकिटं मागितली. त्या म्हणाल्या, "बैठकीआधी उघडायची नाहीत असं ठरलंय. चिकटवून सह्या घेतल्यात तिघांच्या." मी माझा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"पण हे थोरले करतील? त्यांना विचारल्याशिवाय मी... उद्या नऊला या. त्यांच्यादेखत उघडू."

"धाकटीची नळी दहाला आहे."

"नऊला म्हटलं ना मी."

त्या दिवशी धाकटीच्या खाटेजवळ बसून राहिलो, पण तिला काही बोललो नाही. माझं चुकत असेल, तर ज्या हातांत ती आहे त्यांनाच मी दुखावणार होतो. बरोबर असेन, तरीही तेच.

५

शनिवारी नऊला थोरले आले, ताई आल्या. मास्तरांना निरोप गेला होता. ते येतीलच, असं बाई म्हणाल्या आणि पाकिटं फोडली.

मी शिंप्याची ओळ तीनही कागदांवर शोधली. वर्ग: क, क, क. त्यात काहीच नव्हतं. शेजारच्या रकान्यात नळी काढल्याचा दिवस होता.

थोरले, सोमवार: २१. ताई, बुधवार: २१, शेऱ्यात 'सिस्टरच्या चिठ्ठीवरून, जुने कागद नाहीत'. मास्तर, मंगळवार: २०.

"एका दिवसाचा फरक," थोरले म्हणाले. "असे फरक तर ओळीओळीला आहेत. माणसं आहोत आम्ही."

"सर, तुम्ही एकवीस कुठून घेतला?"

"फाइलमधूनच. चिठ्ठी होती ना कसलीशी."

"म्हणजे सोमवारीच पहिले कागद नव्हते. असते तर तुम्ही डॉक्टरांच्या नोंदीतला वीस लिहिला असता. सोमवारी नव्हते, बुधवारी नव्हते. मग मंगळवारी, त्याच फाइलमध्ये, मास्तरांना वीस कुठे दिसला?"

माझा आवाज मलाच परका वाटत होता.

ताई हळूच म्हणाल्या, "एक वजा केला असेल. आपण मनात करतो तसं."

"तेही पाहिलं. आणखी पाच फायलींत डॉक्टर नोंद करायला विसरलेत, फक्त सिस्टरांची नोंद आहे. त्या पाचांत मास्तरांनी सिस्टरांचाच आकडा जसाच्या तसा उतरवलाय. वजा फक्त इथेच झाला. त्यांनी तो वाचला नाही, सर. त्यांना तो ठाऊक होता. ज्यानं नळी काढली, त्यालाच तो ठाऊक असणार."

थोरले कागदाकडे बघत राहिले. "मी चाळीस फायली वाचल्या," ते म्हणाले. "एकेक वाचली. अशा रांगेत लावून पाहिल्या नाहीत."

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ होऊन गेले होते. मास्तर आले नव्हते.

मी उठलो. जिना मी कधी धावत चढलो नव्हतो.

६

सात नंबरच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आतून धाकटीचा हसण्याचा आवाज आला, मग मास्तरांचा: "दीर्घ श्वास घ्या. आता सोडा."

मी पडदा सरकवला. कातडीला नळी धरून ठेवणारा टाका कापून झाला होता. मास्तरांच्या एका हातात कापूस होता, दुसऱ्या हाताची बोटं नळीवर.

"थांबा," मी म्हणालो.

इतक्या हळू म्हणालो की त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातातल्या त्या आकड्यांच्या कागदाकडे पाहिलं. बोटं नळीवरच होती. पिशवीतलं पाणी अजून गढूळ होतं.

"दादा, काय झालं?" धाकटीनं विचारलं.

"नळी आज नाही काढायची."

"कुणी सांगितलं?" मास्तरांनी शांतपणे विचारलं.

"मी," मागून थोरले म्हणाले. ते धापा टाकत होते. "हात काढ."

मास्तरांनी हात काढला. थोरल्यांनी हातमोजे चढवले आणि नळीचा टाका स्वतः पुन्हा घातला. तो धाकटीला फार दुखला.

७

बाईंच्या खोलीत मास्तरांनी नाकारलं नाही. स्वतःच्या कपाटाची किल्ली दिली. शिंप्याचे एकवीस दिवस तिथे खाकी पाकिटात होते, नीट क्रमानं लावलेले. विसाव्या दिवसाच्या नोंदीखाली त्यांचीच सही, वरच्या ओळीत सिस्टरांची नोंद, 'पाझर चालू'.

"रविवारी काढले," ते म्हणाले. "जाळणार होतो. कागद जाळवत नाहीत मला. काकांना कळेल ते."

"का केलंस?" थोरल्यांनी विचारलं.

"तुम्ही मार्चमध्ये जाणार. पथक कुणाला द्यायचं ते आकड्यांवर ठरणार होतं, तुम्हीच म्हणाला होता. सुरुवातीला एकाची काढली, विसाव्या दिवशी. पाझर कमी होता. तो चालत घरी गेला. तुम्ही माझी पाठ थोपटलीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तक्ता तर तिथे होताच, काका. भिंतीवर. रोज राउंड घेताना दिसायचा. रेघ कुठे आहे ते तुम्ही फार स्वच्छ लिहिलं होतं."

मी आकड्यांच्या कागदाची घडी घातली.

"बाकीचे दहा जण ठणठणीत आहेत," ते म्हणाले.

"ठणठणीत असल्याचा कागद आहे?" ताईंनी विचारलं.

"ते परत आले नाहीत."

"शिंपी आमच्याकडे आला, म्हणून आम्हाला कळलं. बाकीचे दुसरीकडे गेले असतील. किंवा कुठेच गेले नसतील."

दहांच्या फायली माझ्या खोलीत होत्या, पत्त्यांसकट. दुपारी थोरले स्वतः येऊन माझ्या टेबलाशी बसले आणि फोन ओढून घेतला. मी नंबर वाचत होतो, ते फिरवत होते. सहा जण बोलले, बरे होते. एकाला मधे दुसऱ्या इस्पितळात महिनाभर ठेवलं होतं. दोन फोन कुणी उचलले नाहीत. दहाव्या घरी एका बाईनं नवऱ्याचं नाव ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज कशी आठवण झाली, डॉक्टर?" थोरल्यांनी ते ऐकलं आणि फोन दोन्ही हातांनी धरून बसून राहिले.

८

चोविसाव्या दिवशी सकाळी धाकटीच्या नळीत रक्त आलं. थोडंच, दोन चमचे असेल. सिस्टरांनी पाहिलं, ताई धावत आल्या, आणि तासाभरात ती आत कुरतडलेली वाहिनी मांडीतून तार घालून बंद झाली. नळी राहिली. पस्तिसाव्या दिवशी ती कोरडी झाली, तेव्हा निघाली.

घरी जायच्या दिवशी ती कपडे बदलून खाटेवर बसली होती. फॉर्म माझ्याकडे होता.

"माझा वर्ग कोणता रे, दादा?"

"ब."

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे तुला बघितलं गेलं."

तिनं पिशवीचा बंद आवळला. मग म्हणाली, "मास्तर कुठे गेले, कुणी सांगत नाही. मी सिस्टरांनाही विचारलं." मी फॉर्म खिशात ठेवत होतो, तेव्हा तीच पुढे म्हणाली, "मला कळलंय सगळं. ताईंनी सांगितलं. पण खरं सांगू? इथे इतके जण येऊन माझी पिशवी बघून जायचे, पाणी मोजायचे, लिहायचे. दुखतंय का, असं विचारणारा तो एकटाच होता. आणि मी रोज त्याला म्हणायचे, काढा हो ही, आजच काढा."

तिनं हात पुढे केला. मी तो धरला, आणि आम्ही सावकाश जिन्याकडे निघालो.